शेवटच्या दहा टक्क्यांची धग

मे महिन्यातली रात्र, साडेअकराचा सुमार. बदलापूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन परत बसलं." बसलं म्हणजे बंद पडलं. भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दिवसभर कापाकापी करायची, जेवायला बसण्याआधी फिल्म रेंडरला लावायची आणि झोपण्याआधी तयार फाइल हार्ड डिस्कवर टाकून मोकळं व्हायचं, असा त्याचा दिनक्रम. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा फिल्म ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर अडकली होती आणि पडदा निळा झाला होता. सकाळी मुलीकडची मंडळी पेनड्राइव्ह न्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंबरनाथहून गेलो. एकच स्टेशन (मधलं चिखलोली होईल तेव्हा दोन). वरचा मजला, दहा बाय बाराची खोली, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. एमआयडीसीकडून उग्र वास येतोय म्हणून बहिणीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. या पट्ट्यात ही तक्रार जुनीच आहे. भिंतीवरच्या घड्याळातला तापमापक रात्री नऊ वाजता ३५ अंश दाखवत होता. टेबलाखाली काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी पंखे गरगरत होते. कॅबिनेटच्या मागे हात धरला तर केस वाळवायच्या ड्रायरसारखी हवा. आणि त्याच खोलीत, त्या टेबलापासून चार हातांवर, रात्री बहीण झोपते. वय एकसष्ट, रक्तदाबाच्या गोळ्या चालू.

दुकानदाराने उपाय सांगून ठेवला होता: मोठा वॉटर कूलर लावा, सगळं ठीक होईल. भाचा पैसे जमवायच्या विचारात होता. मी त्याला थांबवलं, आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी जे करून पाहिलं त्यातून माझं एक मत तयार झालं. ते आधीच सांगून टाकतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात, ए.सी. नसलेल्या खोलीत, ताकदवान डेस्कटॉपचा प्रोसेसर दुकानातून आला तसा मोकाट सोडू नये. तो किती वीज खाईल यावर मर्यादा घालावी. ही मर्यादा फुकट घालता येते, पाच मिनिटांत घालता येते, आणि तिचा पहिला फायदा खोलीतल्या माणसांना होतो, यंत्राला नंतर.

हे पटायचं तर प्रोसेसर वेग कसा गाठतो हे थोडं समजून घ्यायला हवं.

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. त्याच्या प्रत्येक मात्रेला ट्रान्झिस्टर उघडतात-मिटतात. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या चिपचा ठेका सेकंदाला ७ लाख ४० हजार मात्रांचा होता. आजच्या सर्वांत महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरचा ६०० कोटींच्या घरात जातो. म्हणजे ६ गिगाहर्ट्झ. हा प्रवास सरळ झाला नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलो आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत गेलो, तर वेग वाढतो पण चिपच्या तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग या हिशेबावर जगला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की मिटलेल्या अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. २००४ साली पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला प्रोसेसर इंटेलने रद्द केला, कारण उष्णता आवरेना. त्यानंतर कंपन्या एका चिपवर दोन, चार, आठ कोर बसवू लागल्या.

२००८ साली इंटेलने कोअर आय-७ मध्ये 'टर्बो बूस्ट' आणलं. कल्पना छान होती. चारपैकी एकच कोर कामात असेल, चिप थंड असेल, तर त्या एका कोरला थोडा वेळ जास्त वेगाने पळू द्यायचं. एएमडीने पुढे आपली पद्धत आणली. म्हणजे जाहिरातीत दिसणारा '५.७ गिगाहर्ट्झ पर्यंत' हा आकडा धाव घेतल्यावेळचा आहे, चालण्याचा नाही. त्यातला 'पर्यंत' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत बारीक अक्षरात.

अडचण आली ती 'थोडा वेळ' या अटीपाशी. सुरुवातीला हा वेळ खरोखरच काही सेकंदांचा असे. नंतर प्रोसेसर आपल्या नेमून दिलेल्या विजेवर परत येई. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी स्पर्धेत ही अट शिथिल करून टाकली. मर्यादा काढली की त्यांच्या बोर्डवर तोच प्रोसेसर दोन-चार टक्के वेगवान दिसतो आणि परीक्षणातली पट्टी शेजारच्यापेक्षा लांब जाते. २०२१ पासून इंटेलने स्वतःच्या महागड्या के-मालिकेत तर टर्बोची वीज कितीही वेळ वापरायची मुभा मूळ नियमातच घालून टाकली. कोअर आय-९ १४९००-के या प्रोसेसरची मूळ वीज १२५ वॉट आहे आणि टर्बोची कमाल २५३ वॉट. एएमडीने २०२२ च्या रायझन ७००० मालिकेत सांगितलं की पूर्ण भार असताना चिप ९५ अंशांपर्यंत जाईल, तशीच ती घडवली आहे, काळजी नको. दोन्ही कंपन्यांचा मार्ग वेगळा, पण दिशा एक: चिपमध्ये जेवढं म्हणून आहे तेवढं पहिल्या दिवसापासून पिळून काढायचं.

पिळण्याची किंमत किती? इथे शाळेतलं गणित पुरतं. चिपमध्ये खर्च होणारी वीज ठेक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, नाहीतर ट्रान्झिस्टर मात्रा चुकतात. समजा ५ गिगाहर्ट्झला १.१ व्होल्ट पुरतात आणि साडेपाच गिगाहर्ट्झला १.३ लागतात. वेग वाढला १० टक्के. वीज किती वाढली? १.३ भागिले १.१, त्याचा वर्ग, गुणिले १.१. उत्तर दीडपटीहून थोडं जास्त. दहा टक्के वेगासाठी पन्नास टक्क्यांहून जास्त वीज. ती सगळी, अगदी शेवटच्या वॉटपर्यंत, उष्णता होते. प्रोसेसर काही उचलत नाही, ढकलत नाही. त्याचं सगळं काम भौतिकशास्त्राच्या लेखी हीटरचंच.

आता वॉटर कूलरचं. या एका गोष्टीबद्दल इतका गैरसमज आहे की जरा थांबून सांगतो. कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, उष्णता नाहीशी करत नाही. तिची जागा बदलतो. पाण्याचा कूलर चिपवरची उष्णता नळीतून नेऊन कॅबिनेटच्या वरच्या जाळीत सोडतो, तिथून पंखे ती खोलीत फेकतात. चिप थंड होते, खोली तेवढीच तापते. उलट चिपला मोकळीक मिळाली म्हणून ती आणखी वेगाने पळते, आणखी वीज खाते आणि खोली आधीपेक्षा जास्त तापते. दुकानदार फसवत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न चिपबद्दलचा होता, त्याने उत्तर चिपपुरतं दिलं.

शिवाय असा कोणताही कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. एखादा बरा कूलर दर वॉटमागे पाव अंश फरक ठेवतो असं धरू. २०० वॉटला पन्नास अंश. परीक्षकाच्या २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप ७२ वर राहील. बदलापुरातल्या ३६ अंशांच्या खोलीत ८६. त्यात कॅबिनेटच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश गरम असतेच. आपण नव्वदीत पोचलो. तिथून पुढे प्रोसेसर स्वतःच घाबरून वेग तोडायला लागतो, थोडा थंड झाला की परत धाव घेतो, परत तोडतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग मे महिन्यात मिळतच नाही, वीज मात्र पूर्ण जाते. समुद्राचं वारं आमच्यापर्यंत येईस्तो दमलेलं असतं. कुलाब्याला ३४ अंश असताना इथे चाळिशीपार गेलेला पारा इथल्या प्रत्येकाने पाहिला आहे. इंटरनेटवरच्या परीक्षणातले आलेख त्या उकाड्यात काढलेले नसतात.

खोलीचा हिशेब तर आणखी साधा आहे. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. भाच्याचं मशीन रेंडरच्या वेळी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून चारशेच्या आसपास खात होतं. म्हणजे त्या खोलीत रोज रात्री चार पाहुणे येऊन बसल्यासारखं. दहा बाय बाराच्या खोलीत जेमतेम चाळीस किलो हवा असते. भिंती आणि स्लॅब काही शोषत नाहीत असं धरलं, तर चारशे वॉट त्या हवेला दर पावणेदोन मिनिटांनी एक अंश तापवतील. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता शोषतात. पण मे महिन्यात स्लॅब आधीच वरून तापलेला असतो, तो घेण्याऐवजी देत असतो.

झोपताना माणसाच्या शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ती उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते. त्वचेचं तापमान असतं ३३-३४ अंश. खोलीच ३५-३६ वर गेली की उष्णता बाहेर पडायचा हा रस्ता बंद होतो आणि उरतो फक्त घाम. आपल्याकडची हवा दमट, घाम लवकर वाळत नाही. तरुण माणूस कूस बदलत रात्र काढतो. साठीपुढच्या माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी पाण्याच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी आधीच कमी. बहीण महिनाभर म्हणत होती की सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं, उभं राहताना अंधारी येते. आम्ही ते उन्हाळ्याच्या खात्यावर लिहिलं होतं. सगळा दोष मशीनचा होता असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. डॉक्टरांनी गोळीची मात्राही बदलली. पण टेबलाखाली चारशे वॉटचा हीटर लावून कोणी झोपत नाही, आणि आम्ही नेमकं तेच करत होतो.

मग आम्ही काय केलं? पहिली गोष्ट भाच्याने केली आणि ती चुकली. ती सांगतो, कारण ही चूक अनेक जण करतात. त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहून सगळ्या कोरचं व्होल्टेज सरसकट खाली आणलं, तेही त्या माणसाने सांगितलेल्या आकड्यापर्यंत. कल्पनेत काही खोट नाही. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक चिपला थोडं जास्तीचं व्होल्टेज नेमून दिलेलं असतं, कारण सगळ्या चिपा सारख्या नसतात आणि वयाबरोबर झिजतात. तुमची चिप चांगली निघाली तर तेवढाच वेग कमी व्होल्टेजवर मिळतो, तापमान उतरतं, कधीकधी वेगही वाढतो. पण त्या व्हिडिओतल्या माणसाची चिप वेगळी, खोली वेगळी, ऋतू वेगळा. चिप तापली की ट्रान्झिस्टर मंदावतात. डिसेंबरात टिकलेलं व्होल्टेज मेमध्ये कमी पडतं. भाच्याचं मशीन चाचणीत तासभर नीट चाललं, आणि नंतर काहीच काम नसताना, पहाटे, आपोआप बंद होऊन सुरू झालं. अशा अर्धवट स्थिरतेचा खरा धोका निळा पडदा नाही. निळा पडदा निदान ओरडून सांगतो. चिप गुपचूप एखादी बेरीज चुकली आणि ती चुकीची फाइल जपून ठेवली गेली, तर ते सहा महिन्यांनी कळतं. लग्न परत लावता येत नाही.

म्हणून व्होल्टेजचा खेळ आम्ही बाजूला ठेवला आणि फक्त विजेची मर्यादा घातली. या दोन गोष्टींमध्ये मोठा फरक आहे. मर्यादा घातल्यावर प्रोसेसर कारखान्याने दिलेलाच वेग-व्होल्टेजचा तक्ता वापरतो, फक्त त्याच्या वरच्या पायऱ्यांवर चढत नाही. त्यामुळे स्थिरतेला धक्का लागत नाही. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये शिरायचं. इंटेलच्या बोर्डवर पीएल-१ आणि पीएल-२ नावाचे दोन आकडे सापडतात, एएमडीच्या नव्या बोर्डवर 'इको मोड' नावाचा पर्याय असतो. भाच्याचा प्रोसेसर दोनशे वॉटच्या वर जात होता (कंपनी कुठली हे सांगत नाही, मुद्दा दोन्हींना लागू आहे). आम्ही तो १२० वर आणला. ग्राफिक्स कार्डालाही त्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पंचाहत्तर टक्क्यांची मर्यादा घातली.

मग तेच लग्न, तीच फिल्म, रात्री साधारण त्याच वेळी रेंडरला लावली. जे काम पन्नासेक मिनिटांत होत होतं, म्हणजे बंद न पडता होत होतं तेव्हा, ते पाच-सहा मिनिटांनी लांबलं. चिपचं तापमान नव्वदीतून सत्तरीत आलं. पंख्यांचा घोंगावणारा आवाज गेला. आणि एक फायदा आम्ही धरलाच नव्हता: युपीएस. घरात ६०० व्हीएचा साधा युपीएस आहे. तो जेमतेम ३६० वॉट पेलतो. रेंडर चालू असताना वीज गेली की तो कुंई करून लगेच झोपायचा आणि भाचा युपीएसला शिव्या घालायचा. आता तो काम जपून बंद करण्याइतका वेळ तग धरतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे महावितरणच्या इथल्या ग्राहकांना वेगळं सांगायला नको. बिलाचंही पाहा. शंभरेक वॉट प्रोसेसरचे आणि थोडे कार्डाचे वाचले, रोज सहा तास, तर महिन्याला वीसहून जास्त युनिट. घर शंभर किंवा तीनशे युनिटच्या कडेवर असेल तर टप्पाच बदलतो.

ज्यांना बायोसमध्ये शिरायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरवरून ९९ टक्क्यांवर आणायची सोय आहे. बऱ्याच मशीनवर एवढ्याने टर्बोच बंद होतं. हा उपाय बोथट आहे, वेग बराच जातो. पण टॅलीचा हिशेब, ऑनलाइन अर्ज, मुलांचा अभ्यास यांना काही फरक पडत नाही.

आता आक्षेप. पहिला भाच्यानेच घेतला. "मामा, पैसे पूर्ण वेगाचे दिले, मग कमी वेगाने का चालवू?" प्रश्न रास्त आहे. गाडीचा वेगदर्शक १८० दाखवतो म्हणून आपण काटई नाक्यावरून १८० ने जात नाही, हे उत्तर मी दिलं, पण ते खरं उत्तर नव्हे. खरं उत्तर असं की जास्त कोरचा प्रोसेसर संथ चालवणं हाच त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे. सोळा कोर हळू पळवून जेवढं काम होतं तेवढंच आठ कोर जोरात पळवून करायला खूप जास्त वीज लागते. वर्गाचं ते गणित इथे आपल्या बाजूने काम करतं. पैसे वाया जात नाहीत, ते वेगळ्या रूपात वसूल होतात.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: ९५ अंशांनी चिप मरत नाही, कंपनीच सांगते. मान्य. मला चिपच्या मरणाची फारशी चिंता नाही. पण जाणकारांनाही २०२४ आठवत असेल. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर जगभर गेम चालू करताना कोसळू लागले. पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डची मेमरी संपली, आणि लोक बिचारे धडधाकट कार्डं बदलत बसले. आधी बोट मदरबोर्डवाल्यांच्या मोकाट सेटिंगकडे गेलं. इंटेलने त्यांना मूळ मर्यादा परत लावायला सांगितलं. जुलैमध्ये कंपनीने जाहीर केलं की प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडमध्येच चूक होती आणि तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र ज्या चिपा तोवर झिजल्या होत्या त्या दुरुस्तीने बऱ्या होणार नव्हत्या, बदलून घ्याव्या लागल्या. एएमडीलाही २०२३ च्या एप्रिलमध्ये चटका बसला होता: रायझन ७००० च्या काही एक्स-थ्री-डी चिपा सॉकेटमध्येच जळाल्या आणि चिपच्या एका भागाचं व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ नये अशी मर्यादा घालावी लागली. या दोन्ही घटना मला एकच सांगतात. कडेवर चालणारं यंत्र तयार करणाऱ्यालाही कड नेमकी कुठे आहे ते दर वेळी ठाऊक नसतं. ज्यांच्याकडे इंटेलच्या त्या दोन पिढ्यांतला प्रोसेसर आहे आणि बायोस २०२४ च्या सप्टेंबरनंतर कधीच अद्ययावत केलेलं नाही, त्यांनी विजेची मर्यादा नंतर घालावी, आधी ते करावं.

गेम खेळणाऱ्या मुलांचा आक्षेप सर्वांत सोपा आहे. बहुतेक गेम प्रोसेसरच्या सगळ्या कोरना एका वेळी कामाला लावत नाहीत, त्यामुळे १२० वॉटची मर्यादा त्यांना क्वचितच टोचते. त्यांच्या खोलीतला खरा हीटर ग्राफिक्स कार्ड असतो. त्यावर मर्यादा घालून पाहावी आणि फ्रेम मोजाव्यात. फरक डोळ्याला दिसला तर मला सांगावं.

उल्हासनगरात भरतकामाची डिझाइनं पंच करणारे, जीन्सचे नमुने आणि कटिंगचा मार्कर संगणकावर मांडणारे, फोटो अल्बम करणारे शेकडो हात आहेत. गाळा लहान, वर पत्रा, बाजूला इस्त्री किंवा शिलाई मशीन, हवेत कापडाचा तूस. तिथल्या एका ओळखीच्या गाळ्यात मी कॅबिनेटचं एक दार कायमचं काढलेलं आणि त्यासमोर टेबलफॅन लावलेला पाहिला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण त्या विनोदामागे जी करामत आहे ती खरी आहे. चार-पाच अंश त्या पंख्याने नक्की उतरतात. फक्त तोच पंखा तूसही आत भरतो. दोन महिन्यांत कूलरच्या पात्यांवर निळसर गोधडी बसते आणि तापमान होतं तिथे परत येतं. दार लावून, मर्यादा घालून, दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारणं जास्त टिकतं. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवावेत, ते उलटे भिरभिरू देऊ नयेत.

मोठ्या यंत्रांच्या दुनियेत उष्णतेचा विचार पहिल्या दिवसापासून होतो. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या परम ब्रह्म या महासंगणकात पाणी थेट चिपच्या अंगाला भिडवून उष्णता वाहून नेली जाते. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत यंत्रांच्या विजेइतकाच थंडाव्याचा हिशेब मांडला जातो. घरातल्या यंत्राला तो हिशेब कोणी जोडून देत नाही. खोक्यावर गिगाहर्ट्झ असतात, कोर असतात, मूळ वॉटचा आकडाही कुठेतरी असतो. पण ३८ अंशांच्या खोलीत हे यंत्र किती वेगाने चालेल आणि खोलीत किती उष्णता सोडेल, हे कुठेच नसतं. फ्रिज आणि ए.सी.वर तारे असलेलं लेबल बघून घ्यायची आपल्याला सवय लागली आहे. चारशे-पाचशे वॉट खाणाऱ्या संगणकावर तसं काही दिसत नाही. कंपन्या ते स्वतःहून छापतील असं मला वाटत नाही, कारण तो आकडा पट्टी लांब दाखवणारा नाही. पण जोडणी करून देणारा दुकानदार एवढं नक्की करू शकतो: मशीन घरी पाठवताना मर्यादा घालून पाठवावं आणि हवी असेल तर काढायची कशी ते कागदावर लिहून द्यावं. आज उलटं चालतं. मोकाट यंत्र घरी येतं आणि आवरायचं कसं हे ज्याचं त्याने शोधायचं. लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर कल्याणहून, अनुभव एकच.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. वेग वाढवण्यासाठी केलेले बदल बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाहीत, आणि व्होल्टेजशी केलेली खटपटही कधीकधी त्यातच धरली जाते. काही बदलण्याआधी वॉरंटीचा कागद वाचावा, बायोसच्या जुन्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि दोन-तीन रात्री आपल्या नेहमीच्या कामावर तापमान नोंदवावं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. आणि घड्याळातल्या तापमापकाकडेही पाहावं, कारण सॉफ्टवेअर फक्त चिपचं सांगतं.

भाच्याने आता दोन सेटिंग जपून ठेवली आहेत, एक उन्हाळ्याचं आणि एक थंडीचं. थंडीतलं १५० वॉटचं आहे. डिसेंबरात बदलापूरची पहाट चांगली गार असते आणि तेव्हा खोली थोडी उबदार झालेली कोणालाच नको असत नाही. वॉटर कूलरसाठी जमवलेल्या पैशातून त्याने दुसरी हार्ड डिस्क घेतली, सगळ्या फिल्मची प्रत ठेवायला. रेंडर जमेल तेव्हा पहाटे लावतो. बहीण म्हणते, आता रात्री छतावरच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो. तोही खटखटतोय, बेअरिंग बदलायला झालंय.